आबांच्या रक्तातले शेंदरी दाणे

“बठ्ठं नकली शे आते. दूध नकली, बियाणं नकली. गोळीबी पहिलेसारखी कडू लागत नही.”

चुडामण आबा हे कोणालाच उद्देशून म्हणाले नव्हते. पण त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधणाऱ्या कामिनीचा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. रक्त काढणाऱ्या बाईसमोर माणसं जेवढं बोलतात तेवढं देवासमोरही बोलत नसतील. सुईची भीती वाटते, म्हणून तोंड चालू ठेवतात.

“मूठ आवळा, आबा.”

“आवळी. सुनेला सांगितलं, तर म्हणते तुमची चव गेली. अगं, वास गेला माझा. चव नाही गेली. आखाजीला हिनं मांडे केले, पुरण एकीकडे, पारी एकीकडे, नुसता चोथा. ते कळलंच ना मला?”

बाकावर बसलेली सून, मोनाली, फरशीकडे बघत राहिली. औषधशास्त्राची पदविका घेतलेली, अठ्ठावीस वर्षांची मुलगी. दर महिन्याला सासऱ्याला चोपड्याजवळच्या गावाहून जळगावात, पिंप्राळ्यातल्या या लॅबमध्ये आणायची. आबांचं ऐकून घ्यायची आणि जाताना कामिनीला हळूच “येते हं, ताई” म्हणायची.

आबांचं नाक बारा वर्षांपासून बंद. आत द्राक्षाच्या घडासारखे मस्से वाढायचे. दोनदा काढले, दोनदा परत आले. दोन वर्षांपासून सोबत दमाही. नाकाच्या डॉक्टरांनी शेवटी सूज दाबणारी बारीक पांढरी गोळी कायमची लावून दिली आणि दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलं. नाकाच्या पोकळ्यांतली अशी जुनाट सूज रक्तातही आपली खूण सोडते. पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल नावाची एक जात असते. सूज भडकली की त्या वाढतात आणि गोळी पोटात गेली की दोन-चार दिवसांत खाली बसतात.

लॅबमध्ये मशीन होतं. तरी आबांची काचपट्टी कामिनी स्वतःच्या डोळ्यांनी मोजायची. रंग दिलेल्या रक्तात या पेशी शेंदराच्या दाण्यांनी भरल्यासारख्या दिसतात. मशीनला त्याचं कौतुक नव्हतं.

त्या गुरुवारी शंभरात एकवीस निघाले. तिनं पुन्हा मोजले. एकवीसच.

तिनं डॉक्टरांना फोन लावला.

“जुलैत डोस दुप्पट केलाय मी. तरी एकवीस?” डॉक्टर म्हणाले.

“तरी.”

“कापसाचा हंगाम आहे. धूळ असेल. बघतो सोमवारी.”

सोमवारी बघायला आबा उरले नाहीत.

---

“अक्का, चुडामण आबा गेले.”

दारात फौजदार कुंदन महाले उभा होता. पिंप्राळ्यात कामिनीच्या मागच्याच गल्लीत वाढलेला. आता चोपडा तालुक्यातल्या एका ठाण्यात नेमणुकीला. वर्दीत असला तरी तिच्यासमोर चपला बाहेर काढायचा.

“कधी?”

“काल दुपारी. खळ्यात, कापसाच्या ढिगाजवळ. दम्याचा झटका. हातात पंप होता, तो रिकामा.”

“मग तू कशाला आलास? दम्याला बेड्या घालणार?”

“नाकाच्या डॉक्टरांनी फोन केला. म्हणाले, एवढ्या डोसवरचा माणूस असा जायला नको. मी घरातला गोळ्यांचा डबा उचलला. आत काय असावं? चहात टाकायच्या बिनसाखरेच्या गोळ्या. तेवढ्याच आकाराच्या, तेवढ्याच पांढऱ्या. एक चाटून पाहिली.”

“पुरावा चाटलास?”

“एकच, अक्का.”

कामिनी खुर्चीत बसली. गोळी कडू लागत नाही, असं म्हातारा म्हणत होता. तिच्या कानाशी म्हणत होता. आणि ती मूठ आवळा म्हणत होती.

“कोणावर संशय आहे?”

“संशय कसला, सरळच आहे. सून औषधांचं शिकलेली. गोळ्या तीच आणते. दर सोमवारी पाकिटातून काढून सात कप्प्यांच्या डब्यात तीच भरते. तिला चोपड्यात मेडिकल टाकायचं होतं, आबांनी नाही म्हटलं, मोठं भांडण झालं. खुद्द नवरा, तेजस, सांगतो, औषधं तीच बघायची. उद्या अटक करतो. मला फक्त तुमचे आकडे हवेत. गोळी कधीपासून बंद होती, ते कळेल ना?”

कामिनीनं वही काढली. जानेवारी, दोन. फेब्रुवारी, नऊ. मार्च, बारा. एप्रिल, चौदा. मे, दोन. जून, तेरा. मग चढतच गेलेला आकडा थेट एकवीसपर्यंत.

“साखरही बघ,” ती म्हणाली. “या गोळीनं साखर वाढते. डोस दुप्पट झाला तरी आबांची उपाशीपोटीची साखर एकशे साठवरून एकशे पंधरावर आली. आयजीई म्हणून ॲलर्जीची दुसरी तपासणी असते, ती आहे तिथेच. म्हणजे धूळ तीच, माणूस तोच. कमी झाली ती गोळी.”

“फेब्रुवारीपासून?”

“फेब्रुवारीपासून.”

कुंदनच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “लग्न सत्तावीस जानेवारीचं. सून घरात आली आणि आकडा चढला.”

“आणि मेमध्ये दोन का?”

“आखाजी, अक्का! एप्रिल संपता संपता आखाजी होती. लग्नानंतरची पहिली. नवी सून माहेरी गेली असणार झोके खेळायला. ती गेली तशी आबांना खरी गोळी मिळाली. ती आली, पुन्हा बंद. तुम्हीच केस बांधून दिली.”

“तिच्या माहेरी विचारलंस?”

“पहिल्या आखाजीला पोरगी माहेरी जाते, हे काय विचारायचं असतं?”

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी सून माहेरी जातेच. हे खरंच कोणी विचारत नाही. कामिनीनं वही मिटली. आपल्याच अक्षरांनी आपण त्या पोरीला कोंडलं, असं तिला वाटलं. आणि तरी काहीतरी खुपत होतं. सुईचं टोक आत राहावं तसं.

ती उठून काचपट्ट्या धुवायला गेली. नळ सोडला. बंद केला.

“कुंदन, जीप खाली आहे ना?”

“आहे. का?”

“मला घेऊन चल. डॉक्टरांकडून आल्या म्हणून सांग.”

---

घर केळीच्या बागेला लागून होतं. ओसरीवर माणसं बसून उठून गेलेली, सतरंजी तशीच. सालदार वना खांबाला टेकून उभा होता. आबा त्यालाच आधी दिसले होते.

“वनाभाऊ, काय पाहिलंत?” कामिनीनं विचारलं.

“आबा खाले बसेल व्हतात. पंप दाबेत. एक डाव, दोन डाव, पाच डाव. नुसती हवा.”

“पंप कुठून काढला?”

“बंडीच्या खिशातून. नेहमी तिथंच.”

कुंदननं पुराव्याची पिशवी पुढे केली. कामिनीनं ती उजेडात धरली. लॅबमधली तिची एक खोड होती. कुठलीही बाटली तारीख बघितल्याशिवाय उघडायची नाही.

“कुंदन, डब्बीच्या बुडाला काय छापलंय, वाच.”

“मुदत... मार्च दोन हजार एकवीस.” त्यानं मान वर केली. “साडेचार वर्षांपूर्वीच संपलेली!”

“आबांचा पंप दिवाळीनंतर नवा घेतलाय. मोनालीनं मला पावती दाखवली होती. हा आबांचा नाही. वनाभाऊ, या घरात आणखी कोणाला दमा होता?”

वनानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. “तेजसभाऊंच्या पहिल्या बायकोला. दिपमाला वहिनी. सहा वरीस झाले.”

“दम्यानं गेल्या?”

“हार्ट अटॅक व्हयना म्हणे.”

“म्हणे?”

“बठ्ठा गाव म्हणस, मीबी म्हणस,” वना म्हणाला आणि गुरांना पाणी पाजायचंय म्हणून निघून गेला. गोठ्यात गुरं नव्हती. दोन्ही बैल बागेत बांधलेले कामिनीला येतानाच दिसले होते.

आत भिंतीवर रंगाचा एक चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ होता. तिथला फोटो नुकताच, वर्षाच्या आत, उतरवलेला असावा.

मोनाली स्वयंपाकघरात होती. डोळे सुजलेले.

“ताई, मी नाही हो केलं काही.”

“ते राहू दे. पहिली आखाजी ना तुझी? झोका खेळलीस?”

पोरीला प्रश्नच कळला नाही. “कुठला झोका, ताई? सासूबाईंचे भाऊ, पितांबर मामा, शेवटचे दिवस मोजत होते. धुळ्याकडे, साक्रीला. सासूबाई आखाजीच्या दोन दिवस आधी गेल्या, त्या सुतक फिटूनच आल्या. पंधरा-सोळा दिवस. घरात स्वयंपाकाला कोण? मीच होते. खापरावरचे मांडे आयुष्यात पहिल्यांदा केले. सगळे फाटले.”

कुंदन दारातच थबकला.

“आणि गोळ्यांचा डबा?”

“नेहमीसारखा मीच भरला. असतो इथंच, फळीवर. कोणाचाही हात पोचतो. हां, तेव्हा आबा एकदा चिडले होते. म्हणाले, आता गोळी विषासारखी कडू झाली, दुकान बदललं का?”

कामिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मागच्या अंगणात गेली.

आबांची बायको बेबाबाई तिथं सूप घेऊन बसली होती. कपाळ मोकळं, हात मात्र चालू. तूर निवडत होती. नजर समोर केळीच्या पानांवर आणि बोटं सुपात. खडा, किडका दाणा, काडी, न बघता बाजूला पडत होते.

“मावशी, आबांच्या गोळ्या कोणत्या, ओळखता?”

“मी अंगठा करस, बाई. मला गोळीतलं काय कळतं? सून शिकेल शे, तीच बघे.”

टप्. एक खडा बाजूला पडला. तुरीच्या दाण्यापेक्षाही लहान.

“दिपमाला चांगली होती?”

बोटं थांबली. फार नाही. एका दाण्यापुरती.

“माय म्हणे मले,” बेबाबाई म्हणाली. “सासू नही म्हणे कधी.”

---

कुंदननं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. आबांचा मुलगा तेजस भिंतीला टेकून, दाढी वाढलेला. मोनाली त्याच्यापासून हातभर दूर. बेबाबाई उंबऱ्याशी. वना पायरीवर. गुरं पाजून झाली असावीत.

“अक्का, तुम्हीच सांगा,” कुंदन म्हणाला. “मी सांगायला गेलो तर चुकीचं माणूस उचलीन.”

कामिनीला माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. तिनं वही मांडीवर घेतली आणि वहीकडे बघतच सुरुवात केली.

“आबांची गोळी फेब्रुवारीपासून बदलली जात होती. रक्तानं ते दर महिन्याला सांगितलं, आम्ही धुळीवर ढकललं. आबांनी तोंडानंही सांगितलं. ती गोळी जिभेवर ठेवली की माणूस तोंड वाकडं करतो, इतकी कडू. आबांना ती कडू लागेना. त्यांचं नाक मेलं होतं, जीभ जिवंत होती. एकाच महिन्यात रक्त निवळलं. मे महिन्यात, नऊ तारखेला. त्या दिवसांत आबांना खरी गोळी मिळाली. मग त्या दिवसांत घरात कोण नव्हतं?”

तिनं वहीचं पान उलटलं.

“आम्ही म्हटलं, नवी सून. आखाजीला नवी सून घरी असूच शकत नाही, असं आम्ही धरूनच चाललो. पण आबांनी गेल्या गुरुवारी माझ्या कानाशी कुरकुर केली होती की आखाजीला सुनेनं मांड्यांचा चोथा केला. म्हणजे सून इथं होती. आणि जिचे मांडे कधी फाटले नसतील, ती इथं नव्हती. साठीची बाई आखाजीला माहेरी जाईल, हे आम्हाला सुचलंच नाही. मोनाली घरात असताना, तिनंच भरलेल्या डब्यातून, आबांना बरोबर गोळी मिळत होती. मोनाली सोमवारी भरायची. नंतर दुसरा हात तो कप्पा निवडायचा. न बघता खडा वेगळा काढणारा हात.”

तेजस ओरडला, “माय? डोकं फिरलं का तुमचं? तिला वाचता येत नाही!”

“गोळी ओळखायला वाचावं लागत नाही, भाऊ. पण माझ्या हिशेबात एक गोष्ट बसत नव्हती. हा जुना पंप.” तिनं पिशवी वर धरली. “आबांच्या खिशातला चालू पंप काढून त्याजागी दिपमालाचा पंप ठेवला गेला. मारायचंच असतं तर नुसता चालू पंप काढून घेणं पुरेसं होतं. दुसरा ठेवायची गरज नव्हती. हा कोणीतरी आबांना दाखवायला ठेवला. शेवटच्या श्वासाला त्यांच्या हातात तोच यावा म्हणून.”

ती पहिल्यांदाच उंबऱ्याकडे वळली. “मावशी, हा सहा वर्षं कुठं होता?”

बेबाबाईनं कमरेची चंची सोडली. आतून सुपारी निघाली, अडकित्ता निघाला, आणि मग एक नवा कोरा पंप. आबांचा. तिनं तो फौजदाराच्या पुढ्यात, प्रसाद ठेवावा तसा ठेवला.

“याच्या कपाटात,” ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं आजही घेतलं नाही. “लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्यामागं. पोऱ्याच्या या लग्नाचे दागिने काढायला किल्ली दिली मला, पहिल्यांदा. हात घातला, तर हा तिचा पंप हातात आला.”

“दिपमाला गेली त्या दिवशी...” कामिनीनं सुरुवात केली.

“पाहुणे येल व्हतात. हा म्हणे, दमेकरी सून आणली म्हणून गावात नाक कापलं गेलं, पाहुण्यांसमोर पंप ओढायचा नाही. दुपारी तिला धाप लागली. ओठ जांभळे. पंप सापडेना. मी सगळं घर उपसलं, बाई. डाळीचे डबे पालथे केले. चूल उकरली. गादीची शिवण उसवली. पोर माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनी विचारत होती, माय, सापडला का? आणि हा ओसरीवर पाहुण्यांना सुपारी देत होता. म्हणे, दम लागून कोणी मरत नाही, दहा मिनिटांत उतरेल.”

मोनालीनं तोंडावर पदर धरला.

“मला वाटायचं, मलाच सापडला नाही. पाच वरीस मी हेच म्हणत रडले. आणि त्यातच याला तोच रोग झाला. डॉक्टर काय, गोळ्या काय, दर महिन्याला जळगाव काय! नवी सून येणार म्हणून दिपमालाचा फोटो उतरवला यानं. त्याच आठवड्यात पंप सापडला मला.” तिचा आवाज चढला नाही, उलट सुकत गेला. “त्यात दवा होती अजून. मी रोज एक डाव दाबू. मागच्या अंगणात, तिचं नाव लिसन. पोळ्याच्या दिवशी संपला. मग म्हटलं, आता याला देऊ.”

“मावशी, मोनालीला पकडणार होते उद्या.”

बेबाबाईनं सुनेकडे पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला. “तिला मी नेऊ दिलं नसतं. फक्त एक दिवस थांबणार होते.”

“कशासाठी?”

“कोणी बोलतं का ते बघायला.” ती तेजसकडे वळली. “मी बोलले, पोऱ्या. मी तुना बापले मारं. माझं झालं. आते तू बोल. सहा वरीस मी तुनी वाट देखी ऱ्हायनू. तू त्या दिवशी दारात उभा व्हता. दिपमाला कशानं मरनी?”

“हार्ट...” तेजसच्या तोंडून निघालं आणि तिथंच तुटलं.

वनानं मान खाली घातली. कुंदनचा हात खिशातल्या कागदाकडे गेला होता, तो तसाच थांबला. मोनाली नवऱ्याकडे बघत होती. त्याच माणसानं काल पोलिसांना सांगितलं होतं, औषधं तीच बघायची.

तेजस भिंत धरून उठला. दोन पावलं आला आणि आईसमोर मटकन खाली बसला. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, दमा नसलेल्या माणसाच्या.

“आबांनी पंप कपाटमा टाका, ते मी देखं, माय,” तो म्हणाला. “कुलूप लाईसन किल्ली मना हातमा दिनी. तू डबा उपसे, तवय ती मना खिसामा व्हती.”